तटस्थतेची किंमत आणि ठाण्याची खाडी

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे युक्रेनवरील रशियन आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला, तेव्हा १४१ राष्ट्रांनी त्याच्या बाजूने आणि ५ राष्ट्रांनी विरुद्ध मत दिले. ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि भारत या पस्तिसांत होता. त्या दिवसापासून आपल्याकडे दोन सूर सातत्याने ऐकू येत आहेत. एकाच्या मते ही भारताच्या परिपक्वतेची खूण होती. दुसऱ्याच्या मते तो अन्यायापुढे पत्करलेला सोयीस्कर मूकपणा होता. दोन्ही पक्ष तटस्थतेला एकतर सद्गुण तरी समजतात किंवा दुर्गुण तरी. परंतु राष्ट्रे परक्या युद्धांत तटस्थ का राहतात आणि कालांतराने ती तटस्थता का टाकून देतात, हा मूळ प्रश्न दोन्हींकडून बाजूलाच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला जिनीव्हाला किंवा न्यूयॉर्कला जाण्याची आवश्यकता नाही. ठाण्याची खाडी, वसईचा कोट आणि कल्याणजवळचा जुना लष्करी तळ ही तीन स्थळे आपल्या नित्याच्या जाण्यायेण्याच्या टापूत आहेत, आणि तटस्थतेचे तीन निरनिराळे धडे त्यांच्या इतिहासात साठलेले आहेत.

साष्टीचे युद्ध आणि मुंबईकर इंग्रज

१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठ्यांनी साष्टी बेटावर चढाई करून ठाणे घेतले, तेव्हा तेथील पोर्तुगीजांचा किल्ला अद्याप पुरता बांधूनही झाला नव्हता. त्यानंतर दोन वर्षे वसई मोहीम चालली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. मोहिमेच्या या पराक्रमाची हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. खाडीपलीकडे, माहीमच्या बाजूस, हा सारा संग्राम न्याहाळत बसलेल्या मुंबईकर इंग्रजांच्या वर्तनाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या मैत्रीला त्या वेळी साडेतीनशे वर्षे झालेली होती. खुद्द मुंबई बेट इंग्रजांना मिळाले ते १६६१ च्या विवाहाच्या तहात पोर्तुगीज राजकन्येबरोबर. वंश, धर्म, करार यांपैकी कोणतीही कसोटी लावली तरी इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या मदतीला धावून जावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी काय केले? थोडा दारूगोळा दिला आणि वसईच्या रक्षणासाठी पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. तेही चर्चमधील चांदीची उपकरणे आणि पितळी तोफा तारण ठेवून. वांद्र्याची तटबंदी मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून ती पाडून टाकावी, असा सल्लाही त्यांनी दिला. ठाणे परत घेण्याच्या आपल्या तयारीची बातमी इंग्रजांनीच मराठ्यांना पोचविली, असा आरोप तर पोर्तुगीजांनी उघडपणे केला. वसई पडल्यावर दोन महिन्यांच्या आत कॅप्टन इंचबर्ड हा चिमाजी आप्पांकडे तह ठरविण्यासाठी वसईस आला आणि कॅप्टन गॉर्डन याला शाहू छत्रपतींकडे साताऱ्याला पाठविण्यात आले. १७३९ च्या जुलैमध्ये झालेल्या तहाने इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली.

या वर्तनामागची कारणे मोजून पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण दुर्बलतेचे. मुंबईची फौज तोकडी होती आणि वसईनंतर मराठे मुंबईवर येतील अशी भीती इतकी खरी होती की, शहराच्या तटाभोवती खंदक खणण्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. दुसरे कारण व्यापाराचे. मुंबईचा माल घाटावर जायचा तो मराठ्यांच्या मुलखातून. तेव्हा मराठ्यांशी वैर म्हणजे पेढी बंद करणे होय. तिसरे कारण जुन्या कुरबुरींचे. ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगीज अधिकारी इंग्रजांच्या गलबतांकडून जकात घेत, आणि तो सल दोन पिढ्यांचा होता. चौथे कारण समान शत्रूचे. किनाऱ्यावरील आंग्र्यांचे आरमार इंग्रजांना पोर्तुगीजांच्या भवितव्यापेक्षा अधिक चिंतेचे वाटत होते, आणि आंग्रे व पेशवे यांच्यातील बेबनाव त्यांना ठाऊक होता.

या चार कारणांत न्याय-अन्यायाला कोठेही स्थान नाही, हे उघड आहे. तरीही ते इंग्रजांच्या शहाणपणाचे द्योतक होते, हे नाकारता येणार नाही. जे युद्ध जिंकता येणार नाही त्यात पडायचे नाही, आणि जो शेजारी उद्या खाडीपलीकडे बसणार त्याच्याशी आजच बोलणे सुरू करायचे, हा त्या तटस्थतेचा मथितार्थ होता.

पस्तीस वर्षांनंतर

हेच इंग्रज, हीच खाडी आणि हेच ठाणे. १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला चढविला आणि तो सर करताना आतील शिबंदीची मोठी कत्तल केली. त्यांच्या बाजूने कमोडोर वॉटसन येथेच कामास आला. ज्या किल्ल्याच्या भिंतींआड आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा दरवाजा ठरला.

मधल्या पस्तीस वर्षांत इंग्रजांचा स्वभाव पालटला होता काय? मुळीच नाही. साष्टी आणि वसई आपल्याकडे असावी, ही मुंबईकरांची इच्छा जुनीच होती. कारण धान्य, लाकूड आणि भाजीपाला यांसाठी मुंबईचे बेट आसपासच्या मुलखावर अवलंबून होते. पालटले होते ते शेजाऱ्याचे बळ. १७६१ मध्ये पानिपत झाले. त्या धक्क्यातून राज्य सावरणारे थोरले माधवराव १७७२ मध्ये निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पेशव्यांच्या घरातले भांडण चव्हाट्यावर आले. रघुनाथराव इंग्रजांचे दार ठोठावू लागले. त्यातच पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घेण्यासाठी गोव्याकडून येणार, अशी वार्ता आली. आपण नाही घेतले तर दुसरा घेईल, हा युक्तिवाद मुंबईच्या कौन्सिलला पुरेसा झाला. आधी ठाणे घेतले आणि मग ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांशी सुरतेचा तह करून त्या कृतीला कायद्याचा पेहराव चढविला.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली. १७८० मध्ये कल्याण आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वसई त्यांच्या हाती पडली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी आणि ठाणे मात्र कायमचे गेले.

या दोन प्रसंगांवरून एक नियम काढता येतो. तटस्थ राष्ट्राच्या मनात काय आहे, यावर त्याची तटस्थता फारशी अवलंबून नसते. ती अवलंबून असते आजूबाजूच्या बळाच्या समतोलावर. १७३९ मध्ये मराठ्यांचे सामर्थ्य हेच इंग्रजांच्या तटस्थतेचे खरे जामीनदार होते. ते सामर्थ्य ढळताच तटस्थताही संपली. ज्याला शेजाऱ्याने तटस्थ राहावे असे वाटते, त्याने शेजाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबण्यापेक्षा आपले घर सांभाळावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

वसईचा तह आणि होळकरांची तटस्थता

दुसरा धडा वसईचा आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग असलेल्या या गावी ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला २६ लाखांचा मुलूख यांविषयी शालेय पुस्तकांत लिहिलेले असते. परंतु त्या तहातील अधिक घातक कलम निराळेच होते. इतर सत्तांशी युद्ध किंवा वाटाघाटी करावयाच्या तर त्या इंग्रजांच्या संमतीवाचून करावयाच्या नाहीत, असे पेशव्यांनी लिहून दिले. युद्ध करण्याचा अधिकार गेला हे सर्वांना दिसले. युद्धात न पडण्याचा अधिकारही त्याबरोबरच गेला, हे मात्र फार थोड्यांना उमगले. इंग्रजांचे युद्ध ते आपले युद्ध, अशी पेशवाईची स्थिती झाली.

त्याहून अधिक बोधप्रद वर्तन यशवंतराव होळकरांचे आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला होता. विठोजी होळकरांना पेशव्यांनी दिलेला क्रूर मृत्युदंड आणि शिंद्यांनी केलेली इंदूरची लूट या जखमा ताज्या होत्या. १८०३ मध्ये इंग्रज एकीकडे आणि शिंदे व नागपूरकर भोसले दुसरीकडे असे युद्ध पेटले, तेव्हा होळकर अलग राहिले. असई, लासवारी, आडगाव अशा लढाया एकामागून एक होत गेल्या आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे भोसले आणि शिंदे यांनी तह पत्करले. पुढे १८०४ मध्ये होळकर स्वतः रणात उतरले. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडविली. परंतु तोवर शेजारी कोणी उरले नव्हते. डिसेंबर १८०५ मध्ये त्यांनाही तह करावा लागला.

होळकरांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी असताना शिंद्यांच्या मदतीला जाणे किती कठीण होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. परंतु परिणाम पाहता एक भेद स्पष्ट होतो. इंग्रजांची १७३९ मधील तटस्थता हिशेबातून आली होती. होळकरांची १८०३ मधील तटस्थता रागातून आली होती. पहिलीने वेळ विकत घेतला, दुसरीने वेळ गमावला. घरच्या भांडणातून जन्मलेल्या अलगपणाला तटस्थता हे नाव देता येते, पण त्यातून तटस्थतेचे फळ मिळत नाही.

कल्याणचा तळ

तिसरा धडा कल्याणचा. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीविरुद्ध युद्धात असल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी त्यांनी कोणत्याही लोकप्रतिनिधीला विचारले नव्हते. याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. हिटलरविरुद्धचे युद्ध न्याय्य होते, याबद्दल त्या मंत्र्यांपैकी बहुतेकांच्या मनात संदेह नव्हता. आक्षेप होता तो निर्णय परक्याने घेतला याला.

त्या युद्धात हिंदुस्थानातील सुमारे पंचवीस लाख माणसे सैन्यात भरती झाली. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली आणि त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी मोठा तळ उभारण्यात आला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथे पत्ता सांगताना माणसे कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. युद्धात पडायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्या देशाला नव्हता, त्या देशाच्या पारतंत्र्याची ही खूण रोजच्या बोलण्यात शिल्लक राहिली आहे.

तटस्थतेचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा भाग आहे, हे यावरून कळते. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी दोन्ही सत्तागटांपासून दूर राहण्याचे जे धोरण आखले, त्याचा उगम केवळ आदर्शवादात शोधणे म्हणूनच अपुरे आहे. १९३९ चा अनुभव त्या पिढीच्या मनात ताजा होता.

तटस्थता आणि अलिप्तता

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. तटस्थता ही आंतरराष्ट्रीय कायद्यातील संज्ञा आहे. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ राष्ट्राची कर्तव्ये सांगितली: आपली भूमी कोणत्याही लढणाऱ्या पक्षाला वापरू द्यायची नाही आणि दोघांशी समान वागायचे. स्वित्झर्लंडची कायम तटस्थता १८१५ पासून युरोपातील सत्तांनी मान्य केलेली आहे. अलिप्तता हे त्याहून निराळे धोरण आहे. लष्करी गटात सामील व्हायचे नाही, पण प्रत्येक प्रश्नावर आपले मत राखायचे आणि प्रसंगी ते कृतीत आणायचे, असा तिचा आशय आहे.

कोरियाच्या युद्धात हा भेद प्रत्यक्षात दिसला. १९५० मध्ये उत्तर कोरियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला, परंतु लढाऊ सैन्य पाठविले नाही. साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. १९५३ मध्ये युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार कैद्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले आणि कैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. दोन्ही पक्षांच्या शिव्या खात या दलाने ते काम पुरे केले. तटस्थता म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

याच धोरणाच्या मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. १९५६ मध्ये सुएझवरील हल्ल्याचा भारताने तत्काळ निषेध केला; हंगेरीतील रशियन रणगाड्यांविषयी बोलताना मात्र आवाज खाली आला आणि देशातही त्यावर टीका झाली. १९६२ मध्ये चीनचे सैन्य खाली उतरले, तेव्हा आपल्याला अमेरिकेकडे शस्त्रे मागावी लागली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या मैत्री कराराने भारत एका बाजूला बराच झुकला. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित येत असताना आणि पाकिस्तानच्या पाठीशी दोन मोठ्या सत्ता उभ्या असताना तो निर्णय आवश्यक होता. धोरण हे साधन असते. ज्या राष्ट्रहितासाठी ते आखले, त्याच हितासाठी त्याला मुरड घालावी लागते.

जगातील अनुभव

जगातील इतर राष्ट्रांचा अनुभव याला दुजोराच देतो. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ मध्ये पाच बड्या सत्तांनी दिली होती. त्यांपैकी एकीच्या, म्हणजे प्रशियाच्या, वारसदार जर्मनीनेच ४ ऑगस्ट १९१४ रोजी ती पायदळी तुडविली. बेल्जियम पुन्हा १९३६ मध्ये तटस्थतेकडे वळले आणि १९४० च्या मे महिन्यात पुन्हा चिरडले गेले. कागदावरील हमीला सैन्याची जोड नसेल तर तिची किंमत काय, हे त्या लहानशा देशाने दोनदा शिकून घेतले. अमेरिकेने १९३५ पासून तटस्थतेचे कायदे केले, पण ब्रिटन कोसळले तर अटलांटिक महासागर आपले रक्षण करू शकणार नाही, हे उमगताच १९४१ च्या मार्चमध्ये उसनवारीने शस्त्रे देण्याचा कायदा केला. पर्ल हार्बरचा हल्ला डिसेंबरमध्ये झाला. मनाने तटस्थता त्याआधीच सुटली होती. १८१४ पासून युद्धापासून दूर राहिलेला स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत दाखल झाला आणि फिनलंड त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये. या देशांना अचानक युद्धाची आवड निर्माण झाली नव्हती. युक्रेनमध्ये काय घडले ते पाहून, एकटे राहण्याची किंमत आता सोबत जाण्याच्या किमतीपेक्षा अधिक आहे, असा त्यांचा हिशेब झाला.

आपला हिशेब

भारताचा हिशेब निराळा आहे आणि तो निराळाच असावयास हवा. आपल्या शस्त्रास्त्रांचा मोठा भाग रशियन बनावटीचा आहे. उत्तर सीमेवर चीन आहे. तंत्रज्ञान, शिक्षण आणि व्यापार यांसाठी आपण पाश्चात्त्य देशांशी जोडलेले आहोत. युक्रेनचे युद्ध सुरू होताच तेथे अडकलेल्या भारतीयांना, त्यातही बहुसंख्य विद्यार्थ्यांना, ९० विमानफेऱ्यांनी परत आणण्यात आले आणि त्या दिवसांत मॉस्को व कीव्ह या दोन्ही राजधान्यांशी आपल्याला बोलता आले, हा त्या भूमिकेचा प्रत्यक्ष लाभ होता. आपल्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा पूर्वी नगण्य होता; २०२३-२४ पर्यंत तो एक तृतीयांशाच्या घरात गेला. डोंबिवलीच्या कारकुनाच्या घरखर्चाचा या आकड्याशी संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

परंतु लाभ झाला म्हणून भूमिका आपोआप उचित ठरत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी बसलेल्या इंग्रजांनाही लाभच झाला होता. स्वतंत्र आणि लोकशाही राष्ट्राच्या तटस्थतेला चार प्रश्न विचारले पाहिजेत. हा निर्णय आपण स्वतः घेतला, की वसईच्या तहाप्रमाणे कोणाच्या बंधनामुळे आपल्यावर आला? तो हिशेबातून आला, की होळकरांप्रमाणे जुन्या रागलोभातून? उद्या हीच वेळ आपल्यावर आली तर एकट्याने उभे राहण्याचे बळ आपण जमवीत आहोत काय? आणि चौथा, सर्वांत अवघड प्रश्न असा की, तटस्थ राहून मिळालेल्या विश्वासाचा आपण कोरियातल्याप्रमाणे काही उपयोग करीत आहोत काय, की तो केवळ स्वस्त मालाच्या खरेदीत खर्ची पडत आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे २०२२ पासून बऱ्याच अंशी समाधानकारक आहेत. तिसऱ्याचे उत्तर अपुरे आहे, कारण दुसऱ्याच्या शस्त्रांवर जगणाऱ्या राष्ट्राची तटस्थता त्या दुसऱ्याच्या मर्जीइतकीच टिकाऊ असते. चौथ्याच्या बाबतीत आपण फार कमी पडलो आहोत. दोन्ही पक्ष ज्याच्याशी बोलतात अशी राष्ट्रे जगात थोडी आहेत. त्यांनी कैद्यांची अदलाबदल, धान्याची वाहतूक, अणुप्रकल्पांची सुरक्षितता अशा मर्यादित पण निकडीच्या कामांत पुढाकार घ्यावयाचा नाही, तर कोणी घ्यावयाचा? हे काम जोखमीचे आहे आणि त्यात श्रेयापेक्षा शिव्या अधिक मिळतात, हे थिमय्या आणि थोरात यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते केले.

ठाणे, वसई आणि कल्याण येथील शिक्षक विद्यार्थ्यांना किल्ले दाखविण्यासाठी नेतात, तेव्हा तटावरून कोणी कसा हल्ला केला हे आवर्जून सांगतात. खाडीपलीकडे कोण स्वस्थ बसले होते आणि का, हेही त्यांनी सांगावे. परराष्ट्रधोरणाचा निर्णय दिल्लीत होतो हे खरे. परंतु त्याची किंमत जे मोजतात, त्यांना त्याचा हिशेब विचारता आला पाहिजे.